अनंताच्या जरा अलीकडे

सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी, सकाळी सकाळी, साताऱ्याहून कासच्या पठारावर जा. पंचवीसेक किलोमीटरचा घाट चढून वर पोचलं की आधी फुलं दिसत नाहीत, आधी दिसतात ती पालथी पडलेली माणसं. चांगली पन्नाशी-साठीची. घरी खाली पडलेला पेपर उचलायला सांगितला तर कमरेकडे बोट दाखवणारी. इथे मात्र पायवाटेवर, ओल्या जांभ्यावर, पोटावर आडवी. एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्यात आणि बुटांचे तळवे आभाळाकडे. प्रत्येकाच्या डोक्याशी छत्री धरून कुणीतरी उभं असतं. ते दर थोड्या वेळाने "झालं का?" असं विचारतं आणि खालून "एकच मिनिट" असा आवाज येतो. हे मिनिट पाऊण तासाचं असतं.

कासला जायला आता आरक्षण लागतं, तिकीट लागतं. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात हे पठार आहे. पण फोटोवाल्यांना त्याचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी. इथलं दृश्य सांगायला फार सोपं आहे: पुढे फूल, मागे डोंगर, वर ढग. पाचवीतला मुलगाही हे चित्र काढेल, आणि कोपऱ्यात सूर्य फुकट देईल. कॅमेऱ्याला मात्र ते जमता जमत नाही. फूल नखाएवढं, जमिनीपासून वीतभर उंच. डोंगर काही किलोमीटर लांब. मधून वारा वाहतोय, धुकं येतंय-जातंय. आणि माणसाची इच्छा एवढीच, की फुलावरच्या थेंबापासून डोंगरावरच्या झाडापर्यंत सगळं सुस्पष्ट यावं. फोटोवाल्यांच्या भाषेत, "टॅक शार्प".

ही भाषा मी आमच्या साडूभाऊंकडून शिकलो. साडूभाऊ बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी फुल फ्रेम कॅमेरा घेतला. आधी त्यांच्याकडे साधा कॅमेरा होता आणि ते "मस्त आलाय ना?" असं विचारत. आता ते तसं विचारत नाहीत. आता ते फोटो शंभर टक्के मोठा करून, डाव्या खालच्या कोपऱ्यात जाऊन, "इथे जरा सॉफ्ट आहे," असं स्वतःच सांगतात. पाहुण्याने चहा खाली ठेवून त्या कोपऱ्यातल्या गवताच्या पात्याबद्दल दोन शब्द हळहळायचे असतात.

"किती ठेवलंय?" त्यांनी मला कासवर विचारलं.

"काय किती?"

"अ‍ॅपर्चर हो."

"आठ."

त्यांनी माझ्याकडे, कर्ज मंजूर होणार नाही हे ठाऊक असलेल्या अर्जदाराकडे बघावं तसं बघितलं. "अहो, लँडस्केपला बावीस! आठ काय ठेवता?"

या एफ बावीसच्या माणसांचा एक पंथच आहे. आकडा मोठा म्हणजे फोटो चांगला, अशी त्यांची धारणा. यात एफच्या आकड्याचाही थोडा दोष आहे, कारण तो आकडा नसून अपूर्णांकाचा छेद आहे. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक, आणि एफ ८ म्हणजे ते तिच्या फोकल लेंग्थच्या आठव्या हिश्श्याएवढं. २४ मिलिमीटरची लेन्स असेल तर एफ ८ ला तिचं भोक ३ मिलिमीटरचं होतं आणि एफ २२ ला जेमतेम १ मिलिमीटरचं. म्हणजे आकडा वाढतो तसं भोक आकसत जातं. मराठी शाळेत छेद मोठा झाला की अपूर्णांक लहान होतो हे छडी मारून शिकवलेलं असतं. पण ही सगळी मंडळी आयुष्यभर टक्केवारीत रमलेली असल्यामुळे ते साफ विसरलेली असतात.

भोक लहान केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही एका वेळी स्पष्ट यायला लागतं, हे खरं आहे. पंथाची स्थापना याच सत्यावर झाली. पण प्रकाशाचा एक स्वभाव आहे. फारच बारीक फटीतून त्याला जायला लावलं की तो पलीकडे गेल्यावर फाकतो. बागेला पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की सरळ धार जाऊन फवारा होतो, तसं काहीसं. एफ ८ ला एका बिंदूतून आलेला प्रकाश सेन्सरवर साधारण ११ मायक्रॉनचा ठिपका पाडतो, एफ २२ ला तोच ठिपका ३० मायक्रॉनपर्यंत पसरतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन, त्यामुळे कुणाला हे क्षुल्लक वाटेल. पण आजच्या कॅमेऱ्यांतला एकेक पिक्सेल चार-पाच मायक्रॉनचा असतो. म्हणजे लाख-दीड लाख रुपये मोजून घेतलेली सगळी बारकाई एफ २२ वर नेऊन पुसून टाकायची. पुढचं-मागचं सगळं सारखं स्पष्ट येतं हे खरंच, म्हणजे सगळं सारखंच किंचित मऊ येतं. समानता म्हणतात ती हीच.

आणि हे सगळं कशासाठी? तर मागचे डोंगर स्पष्ट यावेत म्हणून. सप्टेंबरात कासच्या मागचे डोंगर धुक्यात असतात. ते डोळ्यालाही स्पष्ट दिसत नाहीत. धुकं टॅक शार्प यावं म्हणून एफ २२ लावणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? साडूभाऊ म्हणायचं.

या वादात कधीतरी एक जाणकार उठतो आणि म्हणतो, "अहो, अमेरिकेत तर एफ ६४ नावाचा ग्रुपच होता!" होता खरा. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्को भागातल्या काही फोटोग्राफरांनी तो काढला. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम अशी मोठी माणसं त्यात होती. त्या काळी फोटो मुद्दाम धूसर करून त्याला पेंटिंगसारखं रूप द्यायची चाल होती. या मंडळींनी ती झुगारली आणि लख्ख स्पष्ट फोटो काढायचे ठरवून नावच अ‍ॅपर्चरचं ठेवलं. पण त्यांचे कॅमेरे पेटीएवढे. त्यांतली निगेटिव्ह एकेक ८ बाय १० इंचांची, आणि लेन्स ३०० मिलिमीटरच्या आसपास. ३०० ला ६४ ने भागा. साडेचार मिलिमीटरहून मोठं भोक येतं. म्हणजे त्यांचं एफ ६४ हे आपल्या २४ मिलिमीटर लेन्सच्या एफ ८ पेक्षाही ऐसपैस. हे मी साडूभाऊंना कागदावर करून दाखवलं. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "तरीपण."

"तरीपण"वर मराठी माणसाचा कुठलाही वाद संपतो, त्यामुळे आम्ही फोकसकडे वळलो.

फोकस कुठे करायचा, हा त्याहून नाजूक विषय. फुलावर केला तर डोंगर जातो, डोंगरावर केला तर फूल जातं. मग यावर शास्त्रज्ञांनी एक मधला मार्ग काढला. त्याला हायपरफोकल डिस्टन्स म्हणतात. एका ठरावीक अंतरावर फोकस करायचा, की त्या अंतराच्या निम्म्यापासून थेट अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. फुल फ्रेम कॅमेरा, २४ मिलिमीटर लेन्स, एफ ११ असेल तर हे अंतर साधारण पावणेदोन मीटर. म्हणजे नव्वद सेंटिमीटरपासून पुढे सगळं मिळालं.

साडूभाऊंनी हे वाचलं आणि सुताराकडे असते तसली पट्टीची टेप घेऊन आले. पिवळी, कट्कन आत जाणारी. कासच्या पठारावर ती टेप लावून त्यांनी पावणेदोन मीटर मोजले, तिथे मेव्हणीबाईंना उभं केलं आणि त्यांच्या चपलेवर फोकस केला. मग त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. मेव्हणीबाई बाजूला झाल्या त्या सरळ चहाच्या टपरीपर्यंत गेल्या. इकडे फोटो निघाला. डोंगर ठीक, मधलं गवत ठीक, आणि ज्याच्यासाठी हा यज्ञ मांडला होता ते फूल मात्र अस्पष्ट. कारण फूल लेन्सपासून तीस सेंटिमीटरवर होतं, आणि हद्द नव्वदपासून सुरू होत होती. एफ २२ केलं असतं तरी ती पंचेचाळीसपर्यंतच आली असती. गणित कितीही पिळलं तरी तीसला पोचत नाही.

"मग फुलापासून थोडं मागे सरका ना," मी म्हटलं.

"मागे सरकलं की फूल लहान होतं."

"मग डोंगर सोडा."

"डोंगर सोडला तर लँडस्केप कसं?"

"मग फूल सोडा."

"अहो, कासला येऊन फूल सोडू?"

यातलं काहीच ते सोडणार नव्हते. सोडायला न लागता जमावं यासाठीच तर एफचा आकडा असतो ना, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, या छंदात अ‍ॅपर्चरवर जेवढी भांडणं होतात त्यांतली निम्मी तरी याच पायी होतात. फोटोत मुख्य कोण, हे ठरवायला जिवावर येतं. आकडा फिरवायला काही वाटत नाही. फूल मुख्य असेल तर फुलावर फोकस करा, आणि मागचे डोंगर थोडे मऊ आले तर येऊ द्या. ते धुक्यातच आहेत, त्यांची तक्रार नाही. डोंगर मुख्य असेल तर पायाखालचं गवत फ्रेमबाहेर ठेवा. मग एफ ८ पुरतं, एफ ५.६ ही पुरतं, आणि आकड्यावर वाद घालायचं कारणच राहत नाही. म्हणून तर कुणी तसं करत नाही.

उद्धव ठाकऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून गडकिल्ल्यांचे फोटो काढले, ‘महाराष्ट्र देशा’ हे पुस्तक त्यातून झालं. त्या फोटोंत हा प्रश्नच नव्हता. इतक्या उंचावरून गड काय, गडाखालचं गाव काय, सगळंच लेन्सच्या लेखी अनंतावर. पुढ्यात फूल नाही, पात्यावर थेंब नाही. राजकारणातही इतकी सोय क्वचित मिळत असावी.

अनंतावरून आठवलं. जुन्या लेन्सवर अंतराचे आकडे कोरलेले असत आणि शेवटी ते आडव्या आठाचं चिन्ह. रिंग तिथपर्यंत फिरवली की खट् होऊन थांबायची. अनंत आलं, आता पुढे काही नाही. हल्लीच्या ऑटोफोकसच्या बहुतेक लेन्सची रिंग त्या चिन्हाच्याही पुढे जाते. उन्हातान्हात काच-धातू थोडे प्रसरण पावतात, मोटारला हलायला जागा लागते, म्हणून कंपन्यांनी ही सूट ठेवली आहे. त्यामुळे रिंग टोकापर्यंत फिरवली की आपण अनंताच्या पलीकडे पोचतो, आणि तिथे सगळंच अस्पष्ट आहे. संतांनी हे कुठेच सांगितलं नव्हतं. रात्री हरिश्चंद्रगडावर तारे टिपायला गेलेली मंडळी अंधारात रिंग टोकाला नेतात आणि सकाळी प्रत्येक तारा लिंबाएवढा झालेला पाहतात. अनंताच्या जरा अलीकडे थांबायचं, एखादा ठळक तारा स्क्रीनवर दहापट मोठा करून बघायचा आणि तो टिंबाएवढा बारीक झाला की हात काढून घ्यायचा, एवढंच त्यातलं तंत्र.

ऑटोफोकसची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला धरायला फरक लागतो. काळ्या-पांढऱ्याची, उजेड-सावलीची एखादी कड दिसली की तो तिला धरतो. धुक्यात कड नसते. मग लेन्स बिचारी पुढे जाते, मागे येते, घर्र घर्र करते. फोटोवाले म्हणतात, "हंट करतेय." लाखाची लेन्स, आणि पांढऱ्या पडद्यासमोर तिला चाचपडताना बघून कुणालाही तिची कीव येईल. आणि कॅमेऱ्याला ‘तूच ठरव’ म्हणून सगळी मुभा दिली तर तो पुष्कळदा सर्वांत जवळची वस्तू पसंत करतो. पठारावर ती वस्तू म्हणजे गवताचं एक मधेच उगवलेलं पातं. साडूभाऊंच्या संग्रहात या पात्याचे अत्युत्तम फोटो आहेत.

फुलं आणि डोंगर एकवेळ जमतील, पण वारा? एफ २२ केलं की उजेड कमी आत येतो, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात कासचा वारा फुलाला तीन वेळा नमस्कार करायला लावतो. त्यामुळे जे फूल स्पष्ट यावं म्हणून भोक लहान केलं, ते त्याच पायी हललेलं येतं. यावर उपाय सोपा आहे, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवायची. पण आयएसओ वाढवा म्हटलं की फोटोवाल्याचा चेहरा डॉक्टरने साखर वाढलीय म्हटल्यासारखा होतो. "शंभरच्या वर नेत नाही मी," ते अभिमानाने सांगतात. आजच्या कॅमेऱ्यात ८०० ला काहीही बिघडत नाही. पण पथ्याचा अभिमान वेगळा असतो. तो मोडवत नाही.

कंपोझिशनवर बोलायचं तर मंडळींना एकच नियम ठाऊक आहे, एक-तृतीयांशाचा. क्षितिज मध्यभागी नको, वरच्या नाहीतर खालच्या तिसऱ्या भागावर घ्या. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रजाने १७९७ साली ग्रामीण निसर्गाच्या चित्रांवर लिहिलेल्या पुस्तकात हा ‘रूल ऑफ थर्ड्स’ नाव देऊन मांडला. तेव्हा कॅमेरा जन्माला यायचा होता. आज तो प्रत्येक कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चौकटी होऊन बसलेला आहे. लोक त्या चौकटीत क्षितिज इतकं मन लावून बसवतात, की ते आडवं आहे की तिरकं हे बघायचं राहूनच जातं. कास तलावाचे मी असे फोटो पाहिलेत की पाणी डावीकडून सांडून बामणोलीच्या रस्त्यावर यावं. पण क्षितिज बरोब्बर तिसऱ्या रेघेवर.

यापुढची पायरी म्हणजे फोटोत माणूस घालणं. "स्केल कळतं," असं सांगतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जा. तिथे कड्याच्या टोकाजवळ, पाठ करून, दोन्ही हात पसरून उभा असलेला एक तरुण तुम्हाला दिसेलच. रेनकोट लाल किंवा पिवळा. तो एक माणूस नाही, दर आठवड्याला नवा असतो, पण पोज पिढ्यान्‌पिढ्या तीच. कड्याचं स्केल त्याने कळतं ही गोष्ट खरी, पण हजारो वेळा कळून झालंय. याच कड्यावरून पूर्वी कर्नल साइक्सने इंद्रवज्र पाहिल्याची नोंद आहे. धुक्यावर पडलेली स्वतःची सावली आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य. त्याच्याकडे कॅमेरा नव्हता म्हणून त्याला ते सावकाश बघता आलं. आज इंद्रवज्र उमटलंच तर त्यात रेनकोट घालून हात पसरलेल्या सावल्यांची रांग लागेल, आणि मागून कुणीतरी ओरडेल, "जरा डावीकडे सरका, थर्डवर या!"

या सगळ्यात मला अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची एक गोष्ट फार आवडते. १९४१ साली न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावाजवळून संध्याकाळी जाताना त्याला दिसलं, की गावावर चंद्र उगवलाय आणि मावळतीचा उजेड दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रूसांवर पडलाय. गाडी थांबवून त्याने कॅमेरा लावला. उजेड मोजायचा मीटरच सापडेना. पण चंद्र किती उजळ असतो हे त्याला पाठ होतं. त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्याने फोटो घेतला. दुसरा घ्यायला फिल्म-होल्डर उलटा करेपर्यंत क्रूसांवरचा उजेड गेला. एकच फोटो आला, तो जगभर गाजला. आमच्याकडे मीटर कॅमेऱ्यातच असतो, हिस्टोग्राम असतो, सूर्य कुठे उगवणार ते सांगणारं अ‍ॅप असतं, आणि सगळं जुळून येतं त्या क्षणी बॅटरी चार्जिंगला लावलेली असते, पुण्यात.

तर, हायपरफोकलने दगा दिल्यावर साडूभाऊंनी शेवटचं अस्त्र काढलं. फोकस स्टॅकिंग. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करायचा, एक फोटो फुलावर फोकस करून, पुढचा जरा मागे, त्याच्या पुढचा आणखी मागे, असे डोंगरापर्यंत फोटो काढत जायचे, आणि घरी सॉफ्टवेअरने प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एक फोटो जोडायचा. युक्ती पक्की आहे. काही सोडावं लागत नाही. अट एकच, त्या वेळात पुढ्यातलं काही हलता कामा नये. साडूभाऊंनी पिवळ्या मिकी माउसचं फूल निवडलं होतं. त्यावर दोन लाल ठिपके असतात म्हणून सगळे त्याला याच नावाने ओळखतात. वारा होता. सॉफ्टवेअर प्रामाणिक होतं, त्याने प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग इमानेइतबारे उचलला.

तो फोटो आता दोन बाय तीन फुटांचा करून त्यांच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या वर लावलेला आहे. फूल शार्प, गवत शार्प, डोंगर शार्प. डाव्या खालच्या कोपऱ्यातही काही सॉफ्ट नाही. फक्त मिकी माउसला चार ठिपके आहेत.

त्यांच्या वरच्या मजल्यावर वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. ते परवा वर्गणीला आले आणि फोटोसमोर उभे राहिले ते हलेचनात. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सोफ्यावर गुडघा टेकवून अगदी जवळ गेले. त्यांचा आवाज किंचित कापत होता.

"हे फूल… हे नेमकं कुठे मिळालं तुम्हाला?"

"एफ अकराला," साडूभाऊ म्हणाले.